रेसिडेंट ईव्हिल २: १९९८ चा की २०१९ चा?

या हॉरर व्हिडिओ गेमचे जुना आणि नव्याने बनवलेला (रीमेक) असे दोन्ही पूर्ण खेळलोय, आणि मला विचाराल तर भीतीच्या बाबतीत २०१९ वाला रीमेक सरळ पुढे आहे. जुन्यात कॅमेरा फिक्स, त्यामुळे वळणापलीकडे झॉम्बी आहे हे दिसायच्या आधी नुसता ऐकू येतो, ती मजा वेगळीच, पण दार उघडलं की ॲनिमेशन चालू आणि मागे लागलेला धोका तिथेच संपला. रीमेकमध्ये मिस्टर एक्स, म्हणजे तुमचा पाठलाग करणारा धिप्पाड राक्षस, खोल्या ओलांडून मागे येतो, त्याच्या बुटांचा आवाज वरच्या मजल्यावरून येतोय की शेजारून हे कान देऊन ऐकावं लागतं, हेडफोन लावून खेळा खरंच. कंट्रोल्सचं तर बोलायलाच नको, जुने टँक कंट्रोल्स (पात्र रणगाड्यासारखं जागेवर वळवून मग पुढे चालवायचं) हातात बसायला वेळ लागतो.

पण स्टोरीत जुनाच भारी! लिऑन आणि क्लेअर या दोन नायकांचे ए-बी सिनारिओ, म्हणजे आधी एकाची बाजू खेळायची आणि मग दुसऱ्याची, पहिल्याने मशीनगन उचलली तर दुसऱ्याला ती मिळत नाही, म्हणजे आपल्या निर्णयाला वजन होतं. रीमेकमध्ये दोघांना बरीचशी तीच कोडी, तेच बॉस, हे मला खटकलंच. नवीन असाल तर रीमेकने सुरुवात करा, आवडला तर जुना नक्की खेळा.