‘बेस्टसेलर करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून जपून राहा

गच्चीवरच्या भाजीपाल्याचं माझं पुस्तक मी स्वखर्चाने छापलं. ५०० प्रती, किंमत २५० रुपये. नात्यागोत्यात आणि बागप्रेमींच्या ग्रुपवर शे-दीडशे प्रती गेल्या आणि मग विक्री अडली. बहुतेक नव्या लेखकांची विक्री इथेच अडते आणि नेमक्या याच वेळी ‘ऑथर ब्रँडिंग’वाल्यांचे, म्हणजे पैसे घेऊन लेखकाची प्रसिद्धी करून देणाऱ्यांचे फोन येतात. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे कंपनीचं नाव लिहीत नाही, पण त्यांची पद्धत सगळ्यांना कळायला हवी.

फोन करणारा मुलगा मराठी होता. “ताई, तुम्ही माती, शेणखत आणि कोकोपीटचं जे प्रमाण दिलंय ना, ते माझ्या आईने करून बघितलं,” इथून सुरुवात. ते प्रमाण अ‍ॅमेझॉनवर फुकट दिसणाऱ्या नमुना पानांतच आहे, हे नंतर लक्षात आलं. आपलं लिहिलेलं कुणी वाचून करूनही पाहिलं, एवढं ऐकल्यावर लेखकाला पैशांचं बोलणं अवघड वाटत नाही. पॅकेज ३५,००० रुपयांचं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,३००. त्यात आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), अ‍ॅमेझॉनवर ‘नंबर वन बेस्टसेलर’, पन्नास रिव्ह्यू आणि फेसबुक-इन्स्टावर एक लाख लोकांपर्यंत जाहिरात.

आयएसबीएनचे त्यांनी ४,५०० रुपये लावले होते. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. एवढी एक गोष्ट माहीत असती तरी पुढचं सगळं टळलं असतं.

आता तो बेस्टसेलर. एका रविवारी त्यांनी मला फोनवर बसवून ई-पुस्तक काही दिवसांसाठी मोफत करायला लावलं आणि त्याचा विभागही बदलायला सांगितला. बागकामातला एक अगदी चिंचोळा उपविभाग, जिथे पुस्तकंच मोजकी. संध्याकाळी स्क्रीनशॉट आला: पहिला क्रमांक. सोबत माझा फोटो लावलेलं अभिनंदनाचं पोस्टर. ते नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरलं, शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या. रात्री केडीपीचा, म्हणजे ई-पुस्तक जिथून प्रकाशित करतात त्या अ‍ॅमेझॉनच्याच सेवेचा, रिपोर्ट उघडला तर तीसेक मोफत डाउनलोड, विक्री शून्य, रॉयल्टी शून्य. अ‍ॅमेझॉनवर मोफत पुस्तकांची यादी वेगळी आणि विकत घेतलेल्या पुस्तकांची वेगळी असते, आणि क्रमवारी दिवसातून अनेकदा बदलते. छोट्या उपविभागात मूठभर डाउनलोड झाले तरी पुस्तक थोड्या वेळापुरतं वर जातं. म्हणजे स्क्रीनशॉट खोटा नव्हता. लाखमोलाचा म्हणून त्यांनी मला तो विकला होता एवढंच, आणि ही मंडळी कायद्याच्या कचाट्यातून सुटतात ती याच फटीतून.

रिव्ह्यूंनी मला जास्त त्रास दिला. मेथी, दुधी आणि मिरचीच्या कुंड्यांवरचं पुस्तक, त्यावर इंग्रजीत शेरा आला: कथा हृदयाला भिडते, पात्रं मनात घर करतात. असे बरेच. पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू अ‍ॅमेझॉनच्या नियमात बसत नाहीत. थोड्याच दिवसांत ते काढले गेले आणि त्यांच्याबरोबर जळगावच्या एका बाईंनी मावा किडीवरच्या फवारणीबद्दल मनापासून लिहिलेला रिव्ह्यूही गेला. पैसे गेले त्याहून मला त्याचं वाईट वाटलं. तो शब्द त्या बाईंनी स्वतःच्या अनुभवातून लिहिला होता.

जाहिरातींसाठी त्यांनी माझ्या नावाचं फेसबुक पेज स्वतःच्या अकाउंटवरून उघडलं. “तुम्हाला टेक्निकल त्रास नको, ताई.” लाइक्स हजारांनी वाढले, पण नावांवर टिचकी मारून पाहिलं तर मराठीचा गंधही नसलेली प्रोफाइल्स, काहींवर एकही फोटो नाही. खर्चाचा हिशेब मागितला तर एक्सेलचा तक्ता पाठवला. असल्या तक्त्याला काही अर्थ नसतो. मेटाला, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीला, दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मेटाच देते आणि जाहिरात खात्याच्या बिलिंगमध्ये ती दिसते. शिवाय मेटाची ‘अ‍ॅड लायब्ररी’ सगळ्यांना खुली आहे. पेजचं नाव टाकलं की त्यावर चालू असलेल्या जाहिराती दिसतात. “आजच मोठी कॅम्पेन सुरू आहे,” असं ते सांगत होते त्या दुपारी मी तिथे पाहिलं. एकही जाहिरात नव्हती. तसं कळवल्यावर तासाभरात मला पेजवरून काढून टाकलं. माझं नाव, माझा फोटो, आणि ताबा त्यांचा.

त्यानंतर तो मराठी मुलगा फोन उचलेना. हिंदीत बोलणारे ‘सीनियर मॅनेजर’ आले. सर्व्हिस डिलिव्हर झाली आहे, रिफंड बसत नाही, पण साठ हजारांचं गोल्ड पॅकेज घेतलंत तर पेज परत देऊ, असं म्हणाले. मी बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर शोधला. त्याला लॉगिनही लागत नाही. नोंदणी रद्द झालेली होती, तरी माझ्याकडून ६,३०० रुपये जीएसटी म्हणून घेतले होते.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. खात्यातून परस्पर पैसे उडाले असतील तर तिथे लगेच कळवणं फार महत्त्वाचं असतं, पण माझ्या बाबतीत ‘हा सेवेचा वाद आहे’ असं उत्तर मिळालं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. कंपनीने तिथेही तेच स्क्रीनशॉट पाठवले. शेवटी जिल्हा आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे कंपनी परराज्यात असली तरी मला नाशिक सोडावं लागलं नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. ‘व्यापारी हेतूने घेतलेली सेवा’ म्हणून समोरचा वकील अडवायला बघतो, पण स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यासाठी कायद्यात सवलत आहे. घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

कारण गळ फक्त लेखकांसाठी नसतो. सिन्नरला पापड-कुरडयांचा व्यवसाय करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला “गुगल मॅपवरची तुमची नोंद बंद होणार, पैसे भरा” असा फोन आला होता. ती नोंद मोफत असते आणि मोफतच राहते.

कुणाला काम द्यायचंच असेल तर पेज, जाहिरात खातं आणि केडीपी आपल्याच नावावर उघडा, समोरच्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या, आणि जाहिरातीचे पैसे आपल्या कार्डावरून थेट मेटाला जाऊ द्या. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही नाही. प्रामाणिक माणूस याला हरकत घेत नाही.

आणि ज्यांचे पैसे आधीच गेलेत, लाजेने गप्प बसलात, त्यांनी आज जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, प्रस्तावाची पीडीएफ आणि पैसे भरल्याची पावती शोधून तारीख बघा. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते.