फ्लॅट ३०३, तिसरा मजला, फोंडा (ताबा बाकी)

बिल्डरचं नाव इथं लिहीत नाही. वकिलानं बजावलंय की प्रकरण मिटेपर्यंत नाव कुठंही टाकायचं नाही. इमारत नेमकी कुठली हेही विचारू नका. गोव्यातल्या कुठल्याही शहरात स्कूटरवरून एक फेरी मारलीत तर अशी एखादी दिसेलच, तीच समजा.

पावती २०१६ च्या पाडव्याची. दोन बेडरूम, ७८ चौरस मीटर, ३२ लाख. खाली पार्किंग, वर चार मजले, सोळा फ्लॅट. करारात ताबा तीस महिन्यांत. यंदाचा धरून इमारतीनं उघड्यावर सात पावसाळे काढले. गोव्याची सरासरीच शंभर-सव्वाशे इंच, त्यात फोंडा डोंगराकडे सरकलेला, म्हणजे विचार करा.

मी वायरमन आहे. आयटीआय केल्यापासून दुसऱ्यांच्या घरांत पाइप टाकतोय, पंखे लावतोय, एमसीबी बसवतोय. त्यामुळे हा रिव्ह्यू धंद्याच्या नजरेनं येणार. त्यातली अडचण अशी की मला इमारतीतलं चांगलंही दिसतं.

म्हणून आधी चांगलं. स्लॅब उत्तम. खोटं बोलणार नाही, मी ज्या इमारतींत रोज काम करतो त्यांतल्या कित्येकांपेक्षा चांगला. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर नीट फिरवलाय, खालून कुठं खडी उघडी पडलेली नाही, सळयांना कव्हर बरोबर. तेव्हा मी हे सगळं मुद्दाम बघत होतो. २०१४ च्या जानेवारीत काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ३१ माणसं गेली. त्यानंतर आमच्यासारखे गिऱ्हाईक साइटवर गेले की सळया मोजायला लागले, सिमेंटच्या पोत्यावरची तारीख वाचायला लागले. मीही वाचली. जमिनीचे कागद मात्र झेरॉक्सवर भागवले. आपण घाबरलो होतो इमारत पडेल म्हणून. ती नुसतीच उभी राहील हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता माटोळीच्या कड्या. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर छताला टांगायची फळांची लाकडी चौकट. चौथा स्लॅब, म्हणजे माझ्या फ्लॅटचं छत, २०१८ च्या जानेवारीत पडला. आदल्या दिवशी संध्याकाळी मी चार कड्या घेऊन साइटवर गेलो. बारा एमएमची सळई, ‘यू’सारखी वाकवून, दोन्ही टोकं बाहेर वळवलेली. गावच्या घरी गणपती चुलत्यांचा मिळून होता, त्यामुळे घाई काही नव्हती. पण बाबांचा हेका होता की कड्या आत्ताच घालून ठेव, ज्या घरात माटोळी टांगायला जागा नाही ते घर कसलं. खरंच आहे. माटोळीला वजन किती असतं! नारळाची पेंड, सुपारीचे घड, तोरंजन, चिबूड, कांगुण्या, शिवाय लाकडी चौकट. मागाहून ड्रिल मारून फास्टनर ठोकलेल्या हुकावर माझा भरवसा नाही, मी असले हुक गळून पडलेले पाहिलेत. सेंट्रिंगवाल्याला शंभर रुपये चहापाण्याला दिले, त्यानं प्लायला भोकं पाडून दिली. कड्या मी स्वतः जाळीला बांधल्या, बाइंडिंग वायरचे तीन-तीन फेरे मारून. हॉलच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, दोन फूट बाय तीन फूट. कोपऱ्याचं माप बायकोनं दिलं होतं, मखर किती असेल त्या हिशेबानं.

या सगळ्या बुकिंगमध्ये मला जे मिळालं त्यातलं शंभर टक्के पूर्ण झालेलं काम एवढंच, आणि ते मीच केलेलं.

हप्त्यांचं कोष्टक करारातून जसंच्या तसं सांगतो. बुकिंगला १० टक्के, करारावर १०, प्लिंथला (जोत्याला) १५, पाच स्लॅब प्रत्येकी ९ म्हणजे ४५. इथपर्यंत ८० झाले. उरलेल्या वीसमध्ये चिऱ्यांच्या भिंती, प्लास्टर, टाइल्स, दारं-खिडक्या, नळ, वायरिंग, रंग, लिफ्ट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक आणि ताबा. कागदावर वाचताना हे किती रास्त वाटतं! काम होईल तसे पैसे द्या. बँकेचा माणूसही हेच म्हणाला. पण मी या धंद्यातला असून मला तेव्हा कळलं नाही ते आता सांगतो: सांगाडा उभा करायला लागतो त्यापेक्षा फार जास्त पैसा सांगाड्याच्या टप्प्यावर गोळा होतो, आणि खरा खर्च तर पुढं असतो. एका फ्लॅटचं चांगल्या तारेचं वायरिंग, स्विच, डीबी धरून काय लागतं ते मला तोंडपाठ आहे. वीस टक्क्यांत हे सगळं बसत नाही. बसवायचं तर आधीच्या ऐंशीतले शिल्लक ठेवायला हवेत. आणि शिल्लक कोण ठेवतो? गच्चीचा स्लॅब पडला की ते पैसे दुसऱ्या गावातल्या प्लॉटचं टोकन म्हणून जातात. तिथं पुन्हा प्लिंथ, पुन्हा १५ टक्के.

म्हणूनच अर्धवट इमारती बघा, सगळ्या एकाच वयात थांबलेल्या असतात. स्लॅब पुरे, भिंती अर्ध्या, प्लास्टर नाही. पाया खणून सोडून दिलेली क्वचित दिसेल, टाइल्स लावून सोडलेली त्याहून क्वचित. मी इतकी वर्षं अशा इमारतींवरून जायचो आणि वाटायचं, बिचाऱ्याचे पैसे संपले असतील. आमची दिवाळी २०१८ ला दुसऱ्या मजल्याच्या चिऱ्यांवर थांबली. तिसऱ्या मजल्याला भिंतच नाही. हॉलच्या कडेला उभं राहिलं की समोर डोंगर दिसतो. व्ह्यूबद्दल ब्रोशरमध्ये लिहिलं होतं, ते खरं निघालं.

ऑफिसची सेवा. एसी आहे, पाणी विचारतात. कारणं काळाप्रमाणे बदलत गेली: आधी नोटबंदी, मग जीएसटी, मग रेती मिळत नाही, मग कोविड. गंमत म्हणजे यातलं एकही कारण खोटं नव्हतं. रेतीची टंचाई मीही बघितली, दुसऱ्या साइटवर माझंही काम थांबलं होतं. फक्त त्याच काळात, त्याच रेतीच्या टंचाईत, शेटची दुसरी साइट दोन स्लॅब वर गेली. विचारलं की एकच उत्तर, “जातलें बाब, जातलें.” म्हणजे होईल. या कोकणी शब्दाला भविष्यकाळ आहे, तारीख नाही.

२०२१ च्या जुलैत म्हादईला पूर आला, तेव्हा सत्तरीतलं आमचं मातीच्या भिंतींचं घर बसलं. एक मागची भिंत राहिली. तेव्हापासून गणपती आमच्या भाड्याच्या खोलीत. घरमालक चांगला माणूस आहे, पण छताला खिळा मारायचा नाही ही अट. म्हणून चार बांबूंचा स्टँड करून माटोळी त्यावर टांगतो. आरतीला वाकलं की बांबू लागतो डोक्याला. भाडं सात हजार, बँकेचा हप्ता वेगळा. चतुर्थीला बायको दरवर्षी एकदाच विचारते, “कड्या गंजल्या असतील ना?” मी म्हणतो, नसतील.

यंदा पाऊस उघडल्यावर बघून आलो. गंजल्यात, पण वरवर. वायर ब्रशनं घासल्यावर आत लोखंड घट्ट आहे. गच्चीवरच्या कॉलमच्या उघड्या सळयांची दशा वाईट, पापुद्रे सुटतात. काम थांबवताना त्यांच्यावर सिमेंटचा वॉश मारून ठेवला असता तरी पुष्कळ झालं असतं. एका पोत्याचं काम. स्लॅबमधल्या पाइपांत तार सारून पाहिली. फॅनबॉक्सपासून तीन मीटर गेली आणि अडकली. ओढून काढली तर टोकाला माती. कुंभारमाशीनं आत घर बांधलंय. सोळा फ्लॅटांत ताबा मिळालेली ती एकटीच. लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी, त्यात मलेरियावाल्यांनी गप्पी मासे सोडलेत. पोहतात आपले.

रखवालदाराला मात्र पाचपैकी पाच. झारखंडचा आहे, पगार कधी येतो कधी नाही, तरी हलत नाही. “जाऊ कुठं, मागचे पैसे बुडतील,” म्हणतो. म्हणजे तो आणि मी एकाच रांगेत. पार्किंगमध्ये उरलेल्या रेतीच्या ढिगावर त्यानं तांबडी भाजी लावलीय, परवा एक जुडी दिली. शिडी त्यानंच धरली. कड्यांना रेड ऑक्साइडचा हात मारताना थेंब त्याच्या शर्टवर पडला, त्याचं मला अजून वाईट वाटतंय.

आता ज्यांना बुकिंग करायचंय त्यांच्यासाठी. रेरा, म्हणजे बिल्डरांना लगाम घालणारा कायदा, २०१६ चा, पूर्ण लागू झाला १ मे २०१७ ला, आणि गोव्याचे नियम आले त्या वर्षाच्या शेवटी. त्यात गिऱ्हाईकांकडून येणाऱ्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रोजेक्टच्या जमिनीवर-बांधकामावर खर्च करायचे असं आहे. मी वर जी चोरवाट सांगितली ती बुजवायलाच हे कलम. आमचे निम्म्याहून जास्त हप्ते तोवर गेले होते. तुमचं तसं नाही, तेव्हा रेराचा नंबर नसेल तर साइटवर चहासुद्धा पिऊ नका. नोंदणीकृत करार व्हायच्या आधी दहा टक्क्यांवर एक रुपया मागता येत नाही. बिल्डरनं दर तीन महिन्यांनी कामाची प्रगती वेबसाइटवर टाकायची असते, ती वाचा. आणि कोष्टक घासाघीस करून घ्या. शेवटच्या स्लॅबपर्यंत साठ टक्के म्हणा. जो बिल्डर यावर चिडतो, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं.

मी तक्रार केली. कायद्यात दोन वाटा आहेत: बाहेर पडायचं असेल तर व्याजासकट सगळे पैसे परत, नाहीतर ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज. मी दुसरी धरली. वकील म्हणाला, परतीची धरा. मी म्हटलं, त्या पैशात आज फोंड्यात काय येतं? आदेश माझ्या बाजूनं लागला. घरात लॅमिनेट करून ठेवलाय. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, पण त्यासाठी बिल्डरच्या नावावर काही असायला हवं. आणि इथंच मी झेरॉक्सवर भागवलेले कागद आडवे आले. जमीन त्याची नाहीच, भाटकाराची, म्हणजे मूळ जमीनमालकाची. चार फ्लॅट भाटकाराला, बारा बिल्डरला, असा त्यांचा आपसातला करार. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच म्हणा) भाटकाराच्या वडिलांचं नाव, वारस पाच, आणि गोव्याच्या कायद्यात नवऱ्यासोबत बायकोचीही सही लागते. म्हणजे दहा सह्या. आहेत नऊ. दहावी बाई पोर्तुगालला. त्यामुळे दुसरा कुणी बिल्डर काम पुरं करायला तयार झाला तरी बँक त्याला दारात उभं करत नाही. झेरॉक्सवर हे सगळं लिहिलेलं होतं. मी सळया मोजत होतो.

सध्या आम्ही बारा गिऱ्हाइकं मिळून असोसिएशन करतोय. सगळे एका कागदावर आले तर भाटकाराशी बोलून उरलेलं काम स्वतः करून घ्यायचा विचार आहे. वायरिंग मी मजुरीशिवाय करून देणार, माल सगळ्यांचा. तिसऱ्या मजल्यावरचे पाइप माशीची माती काढून चालतील असं वाटतं, नाहीतर भिंतीतून नवी लाइन घेऊ. बारांपैकी दहा सह्या झाल्या. १०२ वाले कुवेतला असतात, त्यांनी व्हॉट्सॲपवर हो म्हटलंय, मुखत्यारपत्र यायचंय. ४०१ वाल्यांचा पत्ता लागत नाही. पावतीवर मडगावचा जुना लँडलाइन नंबर आहे, तो लागत नाही. हे वाचत असाल तर संध्याकाळी कधीही साइटवर या, रखवालदाराकडे वहीत नंबर लिहून ठेवा. भाजी घेऊन जा.