पोटाचं डायलिसिस आणि लघवीची वही: १४ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या पोटात नळी बसवली आणि दोन आठवड्यांनी घरी पाणी बदलायला सुरुवात केली. म्हणजे पिशवीतलं साखरेचं पाणी नळीने पोटात सोडायचं, रक्तातली घाण आणि जादा पाणी त्यात उतरू द्यायचं, मग ते काढून नवं घालायचं. आज १४ महिने झाले. आम्ही राजापूर तालुक्यात राहतो. रक्ताच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा रत्नागिरी गाठायची, तीही आषाढातल्या पावसात, हे घराला झेपणारं नव्हतं. पोटाचं डायलिसिस निवडलं ते एवढ्याच कारणाने. आज मला ज्याचं मोल जास्त वाटतं ते कारण नंतर समजलं. माझ्या किडन्या पूर्ण बंद पडलेल्या नव्हत्या, आणि त्या जे थोडं काम करत होत्या ते या पद्धतीत जास्त दिवस टिकतं. रक्ताच्या डायलिसिसमध्ये चार तासांत दोन-तीन लिटर पाणी ओढलं जातं, त्यात पुष्कळांचा रक्तदाब खाली येतो, आणि उरल्यासुरल्या किडनीला त्याचा मार बसतो. पोटातलं पाणी दिवसभर सावकाश काम करतं.

कोल्हापूरला प्रशिक्षण झालं तेव्हा तिथल्या सिस्टरने शेवटच्या दिवशी माझ्या हातात एक मापाचा प्लॅस्टिकचा जग ठेवला. म्हणाल्या, "ताई, पिशवीतून किती पाणी निघालं ते तुम्ही लिहालच, चार्टवर रकाना आहे. पण लघवी किती झाली तेही लिहा. मला फोन कराल तेव्हा मी ते आधी विचारणार." मला वाटलं, डायलिसिस लागलं म्हणजे किडनीचा विषय संपला, आता लघवी मोजून काय करायचं? सासूबाईंचा प्रश्न याच्या उलट होता: "लघवी होते ना चांगली? मग हे कशाला?" आमची दोघींचीही समजूत अर्धवट होती. लघवी होते म्हणजे रक्त पुरेसं साफ होतं असं नाही. पण जी होते तिच्यातून पाणी जातं, मीठ जातं, फॉस्फरस जातो, आणि पोटातल्या पाण्यात सहज न उतरणारी मोठ्या कणांची घाणही थोडी जाते. हे शेवटचं काम पिशव्यांना नीट जमत नाही.

माझी लेक फार्मसी शिकली आहे. तिने मला कॅनडा आणि अमेरिकेतल्या ६८० रुग्णांच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यातले आकडे २००१ मध्ये पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की दिवसाला २५० मिली लघवी जास्त असणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी होता. पोटातल्या पाण्याने होणाऱ्या सफाईचा मात्र तसा संबंध दिसला नाही. पुढच्याच वर्षी मेक्सिकोतल्या ९६५ रुग्णांचा अभ्यास आला. तिथे पिशव्यांचा डोस वाढवूनही रुग्ण जास्त जगले नाहीत. २५० मिली म्हणजे आमच्याकडचा सव्वा पेला! त्या रात्री मी जग धुऊन न्हाणीघरातल्या फळीवर ठेवला. तो अजून तिथेच आहे.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. सुरुवातीला डॉक्टरांनी मला दिवसात दोनच पिशव्या दिल्या, एक सकाळी आणि एक रात्री. माझी लघवी तेव्हा ११०० मिली होती, म्हणून चार पिशव्यांची गरज नव्हती. २४ तासांची लघवी आणि पोटातून निघालेलं पाणी दोन्ही तपासलं तेव्हा आठवड्याची एकूण सफाई (रिपोर्टवर तिला Kt/V म्हणतात) २.१ आली. १.७ च्या वर हवी असते. त्यातली निम्मी माझ्या स्वतःच्या किडन्यांची होती. नव्याने सुरू करणाऱ्यांनी हे डॉक्टरांना जरूर विचारावं. लघवी चांगली असताना कमी पिशव्यांवर सुरुवात करता येते का? खर्च वाचतो, साखर कमी शोषली जाते, नळी जोडायची वेळ कमी येते म्हणून जंतू शिरायचा धोकाही कमी. पण असं केलं तर लघवी मोजणं टाळता येत नाही. ती घटली आणि पिशव्या तेवढ्याच राहिल्या तर शरीरात पाणी साठत जातं.

एक पाणी बदलायला मला ३५ ते ४० मिनिटं लागतात. खिडक्या बंद, पंखा बंद, हात धुणं, मास्क. एप्रिल-मे मध्ये पंख्याशिवाय ती खोली भट्टी होते, हा या पद्धतीतला खरा त्रास आहे. वीज गेली तरी काम अडत नाही, आणि पावसाळ्यात आमच्याकडे हा फार मोठा दिलासा आहे. पिशवी गरम पाण्यात बुडवायची नाही, कोरड्या उबेतच गरम करायची. खोके जमिनीवर ठेवू नका, भिंतींना ओल येते. आम्ही पोटमाळ्याखाली फळ्या टाकून घेतल्या. मे अखेर दोन महिन्यांचा साठा आणून ठेवतो, कारण कोल्हापूरच्या वाटेवरचा अणुस्कुरा घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. पोटात जंतू झाले की पिशवीत गढूळ पाणी निघतं; माझ्या बाबतीत ते अजून एकदाही निघालेलं नाही. त्याची भीती मात्र रोज असते, कारण पोटात जंतू झाले की उरलेली किडनीही मार खाते.

पथ्याबद्दल थोडं. मीठ हाच माझा खरा शत्रू. खारा बांगडा, सुकट, पापड, लोणचं बंद केलं, आणि त्याशिवाय कोकणात दोन घास जेवणं किती जड जातं ते इथल्या माणसालाच कळेल. मीठ कमी असलं की तहान कमी लागते, आणि जास्त साखरेच्या पिशव्यांची गरज पडत नाही. आमच्या पिशव्यांना साखरेच्या प्रमाणानुसार पिवळी (१.५ टक्के), हिरवी (२.५) आणि लाल (४.२५) असे रंग आहेत; साखर जास्त तेवढं पाणी जास्त ओढलं जातं. लालचा मोह होतो, एका रात्रीत पायाची सूज उतरते. पण पाणी नको तेवढं ओढलं गेलं तर किडनी कोरडी पडते. १४ महिन्यांत मी दोनच लाल वापरल्या. प्रथिनं पाण्यातून जात असतात, म्हणून अंडी आणि ताजी मासळी रोज.

ऑक्टोबरात मात्र माझ्या हातून मोठी चूक झाली. फराळानंतर पोट बिघडलं. तीन दिवस जुलाब, वर उन्हाचा ताप. वजन ५३ वरून ५०.२ किलोवर आलं. मी मात्र चार्टप्रमाणे रात्रीची हिरवी पिशवी घालतच राहिले आणि रक्तदाबाची गोळीही घेतच राहिले. सांगितलेलं चुकवायचं नाही, ही शिक्षिकेची सवय. तिसऱ्या दिवशी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्तदाब ९० वर ६०. जगात दिवसभराची लघवी जमली ३८० मिली. महिनाभरापूर्वी ती १०५० होती.

ह्यांनी कोल्हापूरला फोन लावला. सिस्टरने आधी लघवीच विचारली. मग डॉक्टरांशी बोलून सांगितलं: आजपासून गोळी बंद, फक्त पिवळी पिशवी, आणि मीठ घालून पेज प्या. आठ महिने मिठाचा कण मोजणारी मी, त्या दिवशी सासूबाईंनी खारट पेज भरवली. आठवड्याने चक्कर थांबली. लघवी ७०० वर यायला तीन आठवडे लागले. पुढे ८०० झाली, पण १००० पुन्हा दिसली नाही. तपासणीत किडन्यांचा रक्त गाळण्याचा वेग मिनिटाला ५ मिलीवरून ३.४ वर आला होता. त्यामुळे डिसेंबरपासून दुपारची तिसरी पिशवी सुरू झाली. रोजची ती पाव लिटर लघवी कोरडेपणात गेली याचं मला आजही वाईट वाटतं. जुलाब, उलट्या किंवा ताप आला तर पिशवीचा रंग आणि रक्तदाबाची गोळी यांबद्दल त्याच दिवशी फोन करा. मी तीन दिवस थांबले.

गोळीबद्दल गैरसमज नको. तीच टेल्मिसार्टन आता पुन्हा सुरू आहे, कारण या जातीच्या औषधांनी उरलेली किडनी झिजायचा वेग कमी होतो. हाँगकाँगमध्ये ६० रुग्णांवर रामिप्रिल या तिच्या जवळच्या जातीच्या गोळीचा असा अभ्यास झाला आणि तो २००३ मध्ये छापून आला. पोटॅशियम वाढतं का ते बघावं लागतं. लघवीची गोळी, टॉर्सेमाइड, तीही मी घेते. तिने लघवीचं प्रमाण वाढतं, किडनीचं आयुष्य नाही, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं.

दुखण्यावरच्या गोळ्यांचा विषय माझ्या मनाला लागलेला आहे. गुडघा दुखतो म्हणून आमच्या बाजारातल्या एका दुकानदाराने न विचारता डायक्लोफेनॅक हातात दिली. पोटातली नळी त्याला दिसत नव्हती, आणि मीही सांगितलं नव्हतं. लेकीने फोनवर गोळीचं नाव वाचायला लावलं म्हणून वाचले. अशा गोळ्या उरलेल्या किडनीला मारक असतात. आयबुप्रोफेनही तसंच. मी पॅरासिटॅमॉलवर भागवते. आता पाकिटात चिठ्ठी असते: पोटाचं डायलिसिस चालू, लघवी होते, दुखण्याच्या गोळ्या नकोत, डाय देऊन स्कॅन करायचा तर आधी विचारा, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं द्यायची तर किडनीच्या डॉक्टरांशी बोला. नातेवाइकांनी आणलेले काढे आणि भस्मं मी परत केली. कमरख (स्टार फ्रूट) तर घरात येतच नाही; किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर त्याचा विषासारखा परिणाम होतो.

खर्च दोन पिशव्यांवर महिन्याला १८ हजारांच्या आसपास होता, तिसरीने तो २७ हजारांच्या घरात नेला. ऑक्टोबरातल्या तीन दिवसांची किंमत ही अशीही मोजावी लागते. पिशवीतल्या साखरेने माझं वजन तीन किलोंनी वाढलं आणि इन्सुलिनची दोन युनिटं वाढवावी लागली. नळीमुळे विहिरीवरची, नदीवरची आंघोळ संपली.

दर रविवारी मी लघवी जमा करते. सकाळची पहिली सोडून द्यायची, मग दिवसरात्र सगळी जगात, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिलीसकट. गेल्या चार रविवारचे आकडे ७९०, ८१०, ७६०, ८२०. मागच्या तपासणीत एकूण सफाई २.० आली, त्यात माझ्या किडन्यांचे ०.७ आहेत. पुढची तपासणी जूनमध्ये, घाट सुरू असेल तोवर. सासूबाई आता सोमवारी सकाळी चहा गाळायच्या आधी विचारतात, "काल किती झाली गो?"