दुभती म्हणून घेतलेली शेळी आणि न लागलेलं दही

बाजारात शेळी उभी असते ती कास तटतटून, मागचे पाय फाकवून. बाजूला करडू. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "दोन टायमाचं दोन लिटर, घरी नेऊन मोजा." घेणारा कासेकडे बघून भाव करतो, पैसे मोजतो. त्याची फसवणूक तिथंच उरकलेली असते, फक्त ती कळायला पुढचे पंधरा दिवस जातात.

या सौद्यात दोन लबाड्या असतात. पहिली जुनी, सगळ्यांना ऐकून माहीत असलेली: दूध तुंबवणं. आदल्या दिवशी सकाळी धार काढली की बाजार होईपर्यंत पुन्हा काढायची नाही, करडालाही तोंड लावू द्यायचं नाही. 24 ते 30 तासांचं दूध साठलं की अर्धा लिटरवाली शेळीसुद्धा लिटरभराची दिसते. बाजूचं करडू तिचंच असेल, यावरही जाऊ नका. उपाशी करडू दिसेल त्या शेळीला ढुसण्या देतं. शेळी त्याची शेपटी हुंगून शांत उभी राहते की लाथ झाडते, एवढं बघा.

दुसरी लबाडी महागात पडते. शेळीच्या एका सडात जुनी दगडी, म्हणजे जंतूंमुळे कास सुजण्याचा आजार, असते. बाजाराच्या तीन-चार दिवस आधी त्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात, वर इंजेक्शन देतात. सूज उतरते, दुधातल्या गुठळ्या थांबतात, धार पांढरीशुभ्र दिसते. पण जुन्या दगडीतले जंतू कासेच्या आत गाठी करून बसलेले असतात आणि औषध तिथपर्यंत पुरतं पोचत नाही. औषधाचा अंमल संपला की दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. तोवर विकणारा फोन उचलायचा बंद झालेला असतो.

फोन उचललाच तर उत्तरं तयार असतात. दूध कमी झालं? "जागा बदलली." खारट लागतंय? "पाला बदलला." वास येतोय? "बोकड जवळ बांधला असेल." या थापा पचतात, कारण प्रत्येकीत थोडं खरं असतं. प्रवासाने दोन-चार दिवस दूध खरोखर घटतं. माजावर आलेल्या बोकडाचा वास दुधाला खरोखर लागतो.

थाप आणि खरं कारण वेगळं करायला दोन वाट्या पुरतात. डाव्या सडाचं दूध एकीत, उजव्याचं दुसरीत. चारा, बोकड, भांडं, उशिरा थंड केलेलं दूध ही कारणं दोन्ही सडांना सारखीच लागू होतात. खोट एकाच वाटीत निघाली तर पाल्याला दोष देऊ नका, ती कासेची अर्धी बाजू आजारी आहे.

आधी प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या कापडावर घ्या. कण, धागे, रक्ताची छटा तिथं लगेच दिसते. मात्र छुप्या दगडीत काहीच दिसत नाही. तेव्हा 100 मिली पाण्यात 3 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. पांढऱ्या बशीत एका सडाचं चमचाभर दूध, तेवढंच हे पाणी, आणि बशी दहा-पंधरा सेकंद गोल फिरवा. चांगलं दूध पाण्यासारखं पातळ राहतं, दगडीचं शेंबडासारखं लोळत बशीला धरून राहतं. इथं गाई-म्हशींची सवय असलेले चुकतात: शेळीच्या निरोगी दुधातही पेशी जास्त असतात, वेत संपत आलं की आणखी वाढतात. त्यामुळे दोन्ही बशा थोड्याथोड्या दाटल्या तर घाबरू नका. फरक बघा.

चव घ्यायची तर उकळूनच. कच्च्या दुधातून ब्रुसेला नावाच्या जंतूचा ताप माणसाला होतो.

ट्यूब दिली होती का, ते दही सांगतं. दोन्ही सडांचं दूध वेगवेगळं उकळून कोमट करा, प्रत्येकी 100 मिलीला तेच विरजण अर्धा चमचा लावा आणि सोबत तिसऱ्या वाटीत गाईचं दूध ठेवा. आठ-दहा तासांनी गाईचं दही लागलेलं, एका सडाचं मऊसर आंबट झालेलं आणि दुसऱ्या सडाची वाटी अजून दुधासारखी हलती व गोडसर असेल, तर त्या सडात औषध असल्याचा दाट संशय घ्या, विरजणाचे जंतू औषधाने वाढत नाहीत. शेळीचं दही मुळातच सैल लागतं. म्हणून घट्टपणा बघू नका, आंबटपणा बघा. औषधाचा संशय असलेलं दूध घरात वापरू नका, विकू तर मुळीच नका.

दोन्ही वाट्यांत सारखीच खोट असेल तर मात्र घरचं काम आहे. बोकड दूर बांधा आणि त्याला हाताळलेल्या हातांनी धार काढू नका. कांदा-लसणाची पात द्यायचीच तर धारेनंतर द्या. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दूध ठेवू नका, स्टीलचं वापरा. दूध गाळून लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि तासाभरात 4 अंशांपर्यंत उतरवा. कोमट दूध ढवळत, हिंदकळत राहिलं की त्यातली चरबी फुटते आणि तो उग्र वास सुटतो. 'दुधाचा वास घालवणारी पावडर' म्हणून पुड्या विकणारे इथंच गिऱ्हाईक गाठतात. पुडीत खनिज मिश्रण असेल तर ते शेळीला हवंच, पण कोमट राहिलेल्या दुधाचा वास त्याने जात नाही.

घेताना घाई करू नका. पूर्ण पैसे न देता विसार द्या आणि शेळीच्या गोठ्यावर जा. आपल्यासमोर दोन्ही सड रिकामे करायला लावा, ते दूध मोजायचं नाही. बरोबर 12 तासांनी पुन्हा काढा, ते मोजा. रिकामी झालेली निरोगी कास ओल्या फडक्यासारखी मऊ लोंबते. तीत सुपारीएवढी गाठ लागली, किंवा एक बाजू रिकामी होऊनही टणक राहिली, तर परत फिरा. गेल्या पंधरा दिवसांत कोणती औषधं दिली ते चिठ्ठीवर लिहून घ्या. लिहायला नकार दिला तरी उत्तर मिळालंच. धारेआधी कोणी इंजेक्शन टोचायला निघाला तर सौदा मोडा. जनावराला घातक ठरणारं इंजेक्शन दूध वाढवायला देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे.

अशी दगडीवाली शेळी घरी आलीच असेल तर तिची धार सगळ्यांत शेवटी काढा, हात धुवा, धारेनंतर सड पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवा. नवी ट्यूब सोडण्याआधी दुधाचा नमुना तपासायला द्या, कारण औषध गेल्यावर तपासणीत जंतू सापडेलच असं नाही. सडाचं टोक स्पिरिटने पुसा, पहिल्या धारा टाकून द्या, पुढचं दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन बर्फात न्या. कोणतं औषध चालेल तेही त्यातच कळतं. सरकारी पशुवैद्यकासाठी 1962 वर फोन लागतो. आजारी बाजू कायमची आटली तरी दुसऱ्या सडावर शेळी एक करडू वाढवते. तिला त्याच कामाला ठेवा, आणि पुढे विकलीच तर एका सडाची म्हणूनच विका.