सँडहिल्समधील गुरांच्या रँचवर सात महिने : माझा अनुभव

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या सँडहिल्स भागातील एका रँचवर मी यंदा मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत राहिले आणि तिथल्या रोजच्या कामात सहभागी झाले. आठवड्यासाठी पैसे भरून येणारे पाहुणेही तिथे असतात. माझी व्यवस्था मात्र कामाच्या बदल्यात राहणे-जेवण अशी होती. (मी अमेरिकेची नागरिक आहे. पर्यटक व्हिसावर असे काम करता येत नाही, हे इच्छुकांनी आधीच ध्यानात घ्यावे.) आठवड्याच्या पाहुण्याला घोड्यावर बसायला मिळते, पण हे काम समजायचे असेल तर गाय विण्यापासून वासराचे दूध तोडेपर्यंतचा काळ तिथे काढावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

सँडहिल्स म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या. येथील चेरी काउंटी आपल्या सोलापूर जिल्ह्याहून थोडी मोठी, आणि लोकसंख्या सहा हजारांच्याही आत. 1904 च्या किंकेड कायद्याने या भागात कुटुंबामागे 640 एकर जमीन देऊ केली होती, परंतु नांगर फिरला की वाळू उडू लागे, आणि अनेकांनी जमिनी रँचवाल्यांना विकून गाव सोडले. आजही गुरे एका जागी फार रेंगाळली आणि गवत मेले, तर वारा तिथे खड्डा पाडतो. असे खड्डे थोपवण्यासाठी त्यांत टाकलेले जुने टायर मी पाहिले. त्यामुळे कळप कोणत्या दिवशी कोणत्या कुरणात न्यायचा, याचा विचार मालक रोज सकाळी चहाच्या आधी करतात.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे सहा आठवडे मार्च-एप्रिलचे, म्हणजे गायी विण्याचे. पहिलारू गायींना घराजवळच्या वाड्यात ठेवतात आणि रात्रभर दर दोन तासांनी कोणीतरी विजेरी घेऊन फेरी मारते. एका रात्री दोनच्या फेरीत अँगस जातीची एक काळी गाय कळपापासून दूर, शेपूट उचलून उभी दिसली. पुढचे दोन खूर दिसू लागून तास झाला, तरी वासरू पुढे सरकत नव्हते. मालकीणबाईंनी कोपरापर्यंत हात घालून नाक दोन पायांवरच आहे याची खात्री केली, घोट्यांच्या वर साखळी अडकवली आणि गाय कळ देईल तेव्हाच, तेही खालच्या दिशेने ओढायला मला सांगितले. वासरू बाहेर आले, पण हलेना. त्यांनी गवताची एक काडी त्याच्या नाकपुडीत फिरवली. ते शिंकले, मान झटकली आणि श्वास घेऊ लागले. मग गाय त्याला चाटत असताना आम्ही कुंपणाला टेकून वाट पाहत उभ्या राहिलो, कारण पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर वासराला आजाराशी लढण्याची ताकद मिळत नाही. माझ्या आजोळच्या गोठ्यात चीक म्हणजे खरवस, एवढेच मला ठाऊक होते.

मे महिन्यात शेजारचे रँचवाले मदतीला येतात आणि एका दिवसात वासरांना डाग देणे, लस टोचणे, खच्चीकरण हे सारे उरकते. ते पाहणे सोपे नाही. उन्हाळ्यात मुख्यतः पवनचक्क्या आणि पाण्याचे हौद तपासणे, काटेरी तारेचे कुंपण ताणणे आणि जुलैत गवत कापून त्याच्या गाठी बांधणे ही कामे असतात. हातमोजे कातडीचेच घ्यावेत.

आता तक्रारी. आगाऊ माहितीत रोज घोडेस्वारी असे लिहिले होते. प्रत्यक्षात सात महिन्यांत मी जेमतेम चाळीस दिवस घोड्यावर बसले, बाकी सारे काम चारचाकी गाडीवर आणि ट्रॅक्टरवर. याहून गंभीर म्हणजे, मला दिलेल्या खोगिराचा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून बांधायचा पट्टा, झिजलेला होता. तो जूनमध्ये सुटला आणि माझे मनगट मोडले. मालकांनी दिलगिरी व्यक्त केली, परंतु खर्च माझ्या विम्यातून झाला. म्हणून विमा आधी तपासावा, आणि तंग रोज स्वतः पाहावा. शाकाहारी माणसाला जेवणात बटाटा, शेंगा आणि अंडी यांवर भागवावे लागते; मी डाळ-तांदूळ आणि मसाले सोबत नेले होते.

एक गोष्ट आपल्या वाचकांना आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. ही गुरे मांसासाठीच वाढवली जातात. ज्या वासराच्या नाकात काडी फिरवली, तेही ऑक्टोबरमध्ये विक्रीच्या ट्रकमध्ये चढले. मला हे पचवणे जड गेले, आणि मालकीणबाईंनी ते ओळखून त्या दिवशी मला कुंपणाच्या कामाला पाठवले. ज्यांना हा विचारच सहन होणार नाही, त्यांनी जाऊ नये. मात्र त्या घरात जनावराची हेळसांड मी एकदाही पाहिली नाही, हेही तितकेच खरे आहे.

दूध तोडताना वासरे कुंपणाच्या एका बाजूला आणि गायी दुसऱ्या बाजूला ठेवतात. तीन रात्री दोन्हीकडून हंबरणे थांबले नाही. चौथ्या सकाळी गायी एकेक करून गवताकडे वळल्या. पुढच्या मार्चमध्ये सहा आठवड्यांसाठी मी जागा मागितली आहे आणि रात्रीची पाळी मलाच द्यावी, असे कळवले आहे.