एमआयएसी फुटबॉल, अख्खा एक सीझन: चार महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सप्टेंबरात सेंट जॉन्स कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचं सीझन तिकीट काढलं तेव्हाच ठरवलेलं की सीझन संपल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, कारण दोन मॅच बघून "लई भारी" म्हणणाऱ्या रिव्ह्यूचा मला स्वतःलाच कधी उपयोग झालेला नाही. आता जानेवारी २०२० चालू आहे, बाहेर सगळं गोठलंय, शनिवारी दुपारी एक वाजता करायला काही नाही आणि तेव्हा कळतंय की या गोष्टीची किती सवय लागली होती.

मी मूळचा कोल्हापूरचा. म्हणजे फुटबॉल आम्हाला नवीन नाही, पण आमचा फुटबॉल पायाने खेळायचा. शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की शाळा बुडवून जायचो आणि मॅच हरली की आठवडाभर दुसऱ्या पेठेतनं सायकल घालायची नाही, असा सगळा कारभार. नोकरीमुळे मिनेसोटात सेंट क्लाउडला आलो तेव्हा पहिली दोन वर्षं इथला फुटबॉल टीव्हीवर बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तीन तासांत खेळ कमी आणि जाहिराती जास्त. मग शेजारच्या आजोबांनी (माझी मुलगी त्यांना आजोबाच म्हणते, आणि आता तेही त्या हाकेला ओ देतात) एका शनिवारी गाडीत घातलं आणि वीस मिनिटांवर कॉलेजव्हिलला नेलं. तिथनं हे सुरू झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एमआयएसी म्हणजे मिनेसोटा इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स, म्हणजे इथल्या कॉलेजांची लीग, १९२० पासूनची. कॉलेज खेळांतली तिसरी पातळी, डिव्हिजन थ्री, म्हणजे इथे कुणालाही खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, एक डॉलरसुद्धा नाही. यंदा फुटबॉलला नऊ टीम होत्या: ऑग्सबर्ग, बेथेल, कार्लटन, कॉन्कॉर्डिया, गस्टेव्हस, हॅमलिन, सेंट जॉन्स, सेंट ओलाफ आणि सेंट थॉमस. दहा मॅचचा सीझन, त्यातल्या आठ आपापसातल्या. आणि नियम कळत नाहीत म्हणून कुणी लांब राहू नका, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं एवढं कळलं तरी पहिली मॅच निघते, बाकीचं मागच्या बाकावरचे लोक आपणहून समजावतात.

आता जागेबद्दल. सेंट जॉन्सचं क्लेमेन्स स्टेडियम हे मी आजवर बघितलेल्या मैदानांत सगळ्यात सुंदर आहे, यात मला काही शंका नाही. जमिनीला नैसर्गिक खोलगट वाटीसारखा आकार, त्या वाटीत मैदान, आणि भोवती पाईनची झाडं. सेंट जॉन्स हे बेनेडिक्टाइन साधूंच्या मठाचं कॉलेज, फक्त मुलांचं, मुलींचं सेंट बेनेडिक्ट कॉलेज शेजारच्या गावात. मार्सेल ब्रॉयरने बांधलेलं काँक्रीटचं चर्च आवारातच आहे आणि मॅचच्या आधी तिथनं एक फेरी मारून येणं हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम झाला. मठाच्या रेसिपीचा जॉनी ब्रेड मिळतो तो घ्याच, काळा आणि जड असतो, आम्ही शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खातो.

पण मला बांधून ठेवलं ते मॅच संपल्यानंतरच्या अर्ध्या तासाने. शेवटची शिट्टी झाली की सगळी पब्लिक सरळ मैदानात उतरते, कुणी अडवत नाही. तिसऱ्या की चौथ्या मॅचनंतरची गोष्ट, दाराएवढा एक लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू), कोपरापासून मनगटापर्यंत पट्ट्या बांधलेल्या, गुडघ्यावर बसलाय आणि त्याची आई त्याच्या हातावरची चिकटपट्टी हळूहळू सोलून काढतेय, आणि तो एका हाताने डब्यातली कुकी खात तिला सोमवारच्या बायोलॉजीच्या परीक्षेबद्दल सांगतोय. माझी मुलगी दोन फुटांवर उभी राहून बघत होती, त्याने डबा तिच्यापुढे धरला. शाहू स्टेडियमला मॅचनंतर खेळाडू आमच्याच गल्लीत चहाला यायचे ना, अगदी तसंच वाटलं मला, आणि इतक्या लांब येऊन हे पुन्हा मिळेल असं खरंच वाटलं नव्हतं.

जॉन गॅग्लिआर्डी हे नाव इथे देवासारखं घेतात. १९५३ ते २०१२, साठ सीझन एकाच कॉलेजात कोच, एकूण ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे कुणाचेच नाहीत. आणि माणसाची पद्धत बघा, प्रॅक्टिसमध्ये टॅकल (अंगावर जाऊन पाडणं) करायचं नाही, शिट्टी नाही, आरडाओरडा नाही, मला कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणा. पोरं जखमी न होता शनिवारपर्यंत ताजी राहिली पाहिजेत, एवढा साधा हिशोब होता त्यांचा. चार नॅशनल टायटल, १९६३, १९६५, १९७६ आणि २००३, आणि २००३ ला तर माउंट युनियन कॉलेजची सलग ५५ विजयांची मालिका २४-६ ने मोडली. आजोबा १९६५ ला फर्स्ट इयरला होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये गॅग्लिआर्डी गेले, ९१ वर्षांचे होते. आजोबा त्यांच्याबद्दल बोलायला लागले की मध्येच थांबतात, मग आपण मैदानाकडे बघत बसायचं.

आता ज्या गोष्टीवरनं यंदा अख्खा सीझन भांडणं झाली ती. सेंट थॉमस. टॉमी-जॉनी, म्हणजे थॉमस विरुद्ध जॉन्स, ही इथली सगळ्यात मोठी मॅच, २०१७ ला टार्गेट फील्ड या बेसबॉलच्या स्टेडियमला भरवली तेव्हा ३७,३५५ लोक आले, डिव्हिजन थ्रीचा विक्रम. पण त्याच वर्षी थॉमसने सेंट ओलाफला ९७-० हरवलं. आणि मे २०१९ मध्ये कॉन्फरन्सने जाहीर केलं की थॉमसला २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत बाहेर पडावं लागेल. कारण काय, तर स्पर्धेचा तोल राहिला नाही. थॉमसकडे सहा हजारांवर पदवीचे विद्यार्थी, बाकीच्यांकडे दोन-तीन हजार, कुठे त्याहूनही कमी. जे कॉन्फरन्स उभं करायला १९२० ला सोबत होते त्यांनाच काढलं.

टेलगेटला (मॅचआधी गाड्यांपाशी जमून खाणं-पिणं), पार्किंगमध्ये, रांगेत, कुठेही जा, हाच विषय. मला वाटलं होतं जॉनीवाले खूश असतील, सगळ्यात मोठा शत्रू गेला. तसं अजिबात नाही. आजोबांचं म्हणणं, आम्हाला त्यांना मैदानात हरवायचंय, मीटिंगमध्ये नाही. दुसऱ्या बाजूला ओलाफ आणि हॅमलिनच्या पोरांचे आईबाप भेटले त्यांचं म्हणणंही मला पटलं, की दर वर्षी एका शनिवारी आपलं पोरगं साठ-सत्तर पॉइंटनी हरताना बघायचं आणि ते स्कॉलरशिपशिवाय, स्वतःच्या फीच्या पैशाने. माझं मत विचाराल तर काढून टाकायला नको होतं, दोन गट करता आले असते, वेळापत्रक बदलता आलं असतं. पेठेतली एक तालीम फार जिंकते म्हणून तिला लीगमधनं काढा असं कोल्हापुरात कुणी म्हणालं तर काय होईल, विचार करा.

१९ ऑक्टोबरला ती मॅच सेंट पॉलला अलायन्झ फील्डला झाली, नवं कोरं सॉकरचं स्टेडियम, १९,५०८ लोक. आम्ही चौघं गेलो होतो. जॉन्स ३८, थॉमस २०. जॅक्सन अर्डमन हा जॉन्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा), डिव्हिजन थ्रीतल्या सर्वोत्तम खेळाडूची २०१८ ची गॅग्लिआर्डी ट्रॉफी त्यालाच मिळालेली, चेंडू फेकतो तेव्हा आवाजच होत नाही असं वाटतं. आजोबा जिंकल्यावर ओरडले नाहीत, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, अजून एकच राहिली.

तोटे सांगतो, सगळंच गोड नाही. एकतर्फी मॅच फार असतात, वरच्या दोन-तीन टीम आणि खालच्या दोन-तीन यांच्यात इतकं अंतर आहे की हाफटाइमलाच घरी जावंसं वाटतं. थंडी तर विचारूच नका, नोव्हेंबरात जाड जॅकेट पुरत नाही, मी आईने दिलेलं घोंगडं नेलं आणि दुसऱ्या मॅचपासनं आसपासचे चार लोक त्यात येऊन बसायला लागले. आणि ऑनलाइन स्ट्रीम. बाहेरगावच्या मॅच मी एका सर्व्हिसवर बघायचो, नाव घेत नाही, पण ऐन वेळी अडकणं ही तिची खासियत, त्याबद्दल पुढे येतंच आहे.

मधला एक शनिवार नॉर्थफिल्डला घातला, तोही सांगतो. एका छोट्या गावात दोन कॉलेजं, कार्लटन आणि ओलाफ, आणि त्यांच्या मॅचची ट्रॉफी म्हणजे लाकडी बोकड. १९७७ ला या दोघांनी मेट्रिक पद्धतीने मॅच खेळली होती, यार्डाऐवजी मीटरमध्ये मैदान आखून, ओलाफने ४३-० जिंकली. अमेरिकेत मीटर! गावातल्या एका म्हाताऱ्याने हे मला इतक्या अभिमानाने सांगितलं की मी फोनमध्ये लिहून घेतलं.

खरा पैसा वसूल झाला तो पोस्टसीझनला, म्हणजे नॅशनल टायटलच्या बाद फेऱ्यांना (प्लेऑफ). २०१९ ला ३२ टीम होत्या, बहुतेक जागा वेगवेगळ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना आणि उरलेल्या मोजक्या जागा बाकी सगळ्या देशात वाटायच्या, त्यांना तेव्हा पूल सी म्हणायचे, आणि त्या जागांवरनं जी वादावादी झाली ती ऐकण्यासारखी होती. अजून एक गंमत म्हणजे तेव्हा ड्रॉ पाडताना प्रवासाचा खर्च बघायचे, ५०० मैलांच्या आत बसने जाता येईल अशा जोड्या लावायचे, म्हणून चांगल्या चांगल्या टीम एकमेकांना फार लवकर भिडायच्या. नॉर्थ सेंट्रल आणि माउंट युनियन यंदा दुसऱ्याच राउंडला भिडले, ५९-५२.

आमची पहिली मॅच अरोराशी, ५१-४७, म्हणजे मिळून ९८ पॉइंट, मी उभाच होतो दोन तास. दुसरी चॅपमनशी. ही पोरं कॅलिफोर्नियाची, आधीच्या राउंडला लिनफिल्डला ६८-६५ ने हरवून आलेली, आणि इथे भोवती सगळा बर्फ. ५५-२६. त्यातल्या एकाने वॉर्मअपला बर्फाचा गोळा करून खिशात घातला, माझ्या मुलीने बघितलं आणि ती दिवसभर तेच सांगत होती.

मग व्हीटन. मी घरी, लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर, आम्ही एका पॉइंटने पुढे, ३४-३३, आणि स्क्रीन अडकली. गोल चक्र फिरतंय. बायको म्हणाली रिफ्रेश कर, केलं तर पुन्हा लॉगिन मागतंय, पासवर्ड टाकताना बोटं थरथरतायत, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडनं आजोबांचा आवाज आला. पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस, पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता त्यांचा. तसाच सपाता घालून बर्फातनं पळत गेलो. त्यांच्याकडे रेडिओवर चालू होतं. ३४-३३ च राहिलं. त्या सर्व्हिसला मी दोन मेल टाकले, उत्तर नाही, पण आता वाटतं बरं झालं, नाहीतर तो क्षण मी ओट्यापाशी एकट्याने बघितला असता.

सेमीफायनलला व्हाइटवॉटरला गेलो, विस्कॉन्सिनमध्ये, सहा तास ड्रायव्हिंग, डब्यात थालीपीठ आणि आजोबांचे सँडविच. व्हाइटवॉटर म्हणजे सरकारी युनिव्हर्सिटी, सहा नॅशनल टायटल, आपल्यापेक्षा कितीतरी मोठी. ३५-३२. तीन पॉइंटनी गेलो. परतीच्या रस्त्यावर पहिला तासभर कुणी बोललं नाही, मग आजोबांनी स्वतःच विचारलं, ते गोल भाकरीसारखं काय होतं, अजून आहे का. फायनल, म्हणजे स्टॅग बोल, टेक्सासला झाली, नॉर्थ सेंट्रलने व्हाइटवॉटरला ४१-१४ हरवलं, त्यांचं पहिलंच टायटल. ते मी शांतपणे बघितलं.

रेटिंग पाचपैकी साडेचार, अर्धा स्ट्रीमने खाल्ला. घरात लहान मुलं असतील, जवळपास असं एखादं छोटं कॉलेज असेल, तर पुढच्या सप्टेंबरात जरूर जा, कुठल्याही कॉन्फरन्सचं चालेल.

अपडेट, ऑक्टोबर २०२१: बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून. आजोबा म्हणाले होते ती राहिलेली एक मॅच झालीच नाही. २०२० चा सीझन कोविडने गेला, प्लेऑफ रद्द झाले, आणि थॉमस आता थेट सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनला गेलंय, डिव्हिजन थ्रीतनं एका उडीत. म्हणजे अलायन्झ फील्डची ३८-२० हीच शेवटची टॉमी-जॉनी, आणि आम्ही तिथे होतो. एमआयएसीने आता फुटबॉलचे दोन गट केलेत आणि मॅकॅलेस्टर आणि सेंट स्कोलास्टिका आत आलेत, म्हणजे जे आधी करता आलं असतं ते आता केलं, याचा मला अजून राग आहे.

आनंदाची बातमी म्हणजे त्या २०१९ च्या टीमचा लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकला राखणारा धिप्पाड खेळाडू) बेन बार्च, त्याला एप्रिल २०२० मध्ये जॅक्सनव्हिलने चौथ्या राउंडला एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, घेतलं. आधी टाइट एंड या हलक्या बांध्याच्या जागेवर खेळायचा, वजन वाढवायला रोज सकाळी अंडी, कॉटेज चीज, ग्रिट्स (मक्याची लापशी), पीनट बटर, केळं आणि गेटोरेड सगळं एकत्र मिक्सरला लावून प्यायचा. आजोबांनी एकदा करून बघितलं, अर्धा ग्लास गेला.

ते ठीक आहेत. दोन्ही लशी घेतल्यात, यंदा पुन्हा दोघांची तिकिटं शेजारी शेजारी काढलीत, घोंगडं धुऊन गाडीतच ठेवलंय.