ब्राउन्स्टनजवळच्या मरीनातील एक वर्ष

नॅरोबोट, म्हणजे अरुंद कालव्यांसाठीची लांबट बोट, जेमतेम ६ फूट १० इंच रुंद असते, तेव्हा ती बांधायला इंग्लंडच्या कालव्यांवर कुठेही जागा मिळेल, असा आमचा समज होता. प्रत्यक्षात आमच्या ५७ फुटी बोटीसाठी कायमची मूरिंग, म्हणजे बोट बांधून ठेवण्याची जागा, शोधण्यात आठ महिने गेले. अशी मूरिंग नसलेल्या बोटीला १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सहसा सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आमचे घर आणि नोकऱ्या रग्बी शहरात असल्याने भर हिवाळ्यात, दुरुस्तीसाठी लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे, हाताने चालवायचे दरवाजे) बंद असताना, दर पंधरवड्याला बोट हलवत राहणे आम्हाला शक्यच नव्हते.

अखेर ग्रँड युनियन आणि ऑक्सफर्ड हे दोन कालवे जिथे मिळतात, त्या ब्राउन्स्टन गावाजवळच्या एका खासगी मरीनात, म्हणजे बोटी ठेवण्याच्या तळावर, जागा घेतली. या जागेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचे ठिकाण. उत्तरेकडे हिलमॉर्टनपर्यंत एकही लॉक लागत नसल्याने शनिवारी दुपारी निघून रविवारी निवांत परतता येते, आणि हात मोकळे करायचे असतील तर दुसऱ्या दिशेला सहा लॉक चढून २,०४२ यार्डांच्या बोगद्यात शिरता येते. सांगलीहून आलेल्या माझ्या आईला, कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या बाईला, हे न वाहणारे पाणी आधी रुचले नाही. पण आठवडाभरात तीच सकाळचा चहा बोटीच्या पुढच्या टोकाला बसून घेऊ लागली.

धक्क्यावरची वीजजोडणी हिवाळ्यात फार मोलाची ठरते. बाहेर काठाला बांधलेल्या बोटीचे बॅटऱ्या भरणारे इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ चालवायचे नसते. इथे मात्र बॅटऱ्या भरलेल्या राहतात आणि आम्ही नसताना लहानसा हीटर नळ गोठू देत नाही. पाण्याचा नळही हाताशी आहे. शौचालयाची टाकी रिकामी करण्याची जागा मात्र मरीनाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, आणि गोठलेल्या खडीवरून ती जड टाकी ओढत नेणे खरोखर त्रासाचे आहे. तरंगता धक्का बोटीच्या निम्म्या लांबीपर्यंतच असल्याने मागचा दोर बांधतानाही जपावे लागते. शिवाय आमची बोट ५७ फुटांची असली, तरी भाडे ६० फुटांच्या जागेचे द्यावे लागते. हे करार करतानाच विचारून घ्यायला हवे होते.

ही मूरिंग केवळ फुरसतीच्या वापरासाठी आहे, कायम राहण्यासाठी नाही, हे कार्यालयाने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले, याचे मला कौतुक वाटते. निवासी मूरिंगला स्थानिक नियोजन खात्याची परवानगी लागते, आणि दुसऱ्या एका ठिकाणी नेमकी हीच बाब आमच्यापासून जवळजवळ सही होईपर्यंत झाकून ठेवली होती. बोटीवरच संसार थाटणाऱ्यांना ही जागा उपयोगाची नाही. सुट्टीपुरते येणाऱ्यांना मी ती आवर्जून सुचवीन, मात्र पाहायला जानेवारीतल्या पावसानंतरच्या संध्याकाळी, हातात विजेरी घेऊन जावे. आम्ही पुढील वर्षाचा करार केला आहे आणि टाकी रिकामी करण्याच्या जागेजवळचा धक्का मागितला आहे.